दारातलं पाणी, बंपरवरचं बेलतेल

गोव्यात फर्मागुडीचा उतार उतरताना गाडीच्या दारातून पाण्याचा आवाज आला. अर्धा भरलेला माठ उचलल्यावर येतो तसा. ब्रेक दाबला की डुबुक करून पुढे, सोडला की मागे. जून संपत आला होता, बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून आधी वाटलं चाकाखालचं पाणी उडत असेल. पण ढवळीला गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दार उघडून हलवलं. दारातच. आतल्या आत.

गाडी म्हणजे आमची मारुती 800, पांढरी, 1999 ची. मूळची बाबांची. बाबा लोहखनिजाच्या खाणीच्या ऑफिसात होते, त्यामुळे या गाडीचं अर्धं आयुष्य उसगाव-पाळीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे गेलं. 2012 साली खाणी बंद झाल्या, बाबा घरी बसले आणि गाडीही बसली. पुढे ती माझ्याकडे आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, ते आतापर्यंत तीनदा केलं. 2024 ला त्याचे 5000 रुपये भरले तेव्हा दादा म्हणाला, "अगो, भंगारवालो तरी एवढे देईल का हिचे?" दादाचं ऐकायचं नाही हे मी लहानपणीच ठरवलंय.

तर दारातलं पाणी. गेली दोन वर्षं पावसाळ्यात गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायचा. पायाखालचं कार्पेट ओलं, सीटबेल्टच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी. गॅरेजमध्ये विचारलं तर एकाने सांगितलं, पुढच्या काचेचं रबर गेलंय, आणि काचेभोवती सिलिकॉनची अख्खी ट्यूब फासून दिली. त्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येत होता. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, हा वास मला झोपेतही ओळखता येतो. स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि उघड्या पत्र्याला ते लागलं की गंज ठरलेला. तेव्हा काही बोलले नाही. आता बोलतेय.

वास गेला नाहीच, कारण पाणी काचेतून येतच नव्हतं.

हे मला आमच्या जुन्या मेकॅनिककडून कळलं. त्यांनी दार ठोकून बघितलं, वाकून खालची कड बघितली आणि म्हणाले, "बाय, दारांत उदक येताच. भायर वचूंक जाय न्हय?" म्हणजे दारात पाणी येतंच, ते बाहेर जायला हवं; येणं हा बिघाडच नव्हे. काच खाली जाते त्या फटीला बाहेरून रबराची पट्टी असते, ती बरंचसं पाणी अडवते, सगळं नाही. आत गेलेलं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या तळाशी येतं आणि तिथल्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच दार बनवलेलं असतं. त्या ओल्या भागाच्या आणि आतल्या रेक्झिनच्या पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला असतो. तो असेपर्यंत पॅड कोरडा.

आमची भोकं बुजली होती. कशाने, ते सांगायला नको. माडाच्या झावळीचा एक हीर घेतला आणि खालून भोकात घातला. आधी काहीच नाही, मग शहाळ्याला भोक पडावं तशी धार लागली. लालभडक. दोन तांबे तरी असेल. खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण बाबांच्या रस्त्यावरची धूळ दारात तशीच गाळ होऊन बसली होती. हीरच वापरा, तार नको. तारेने आतला रंग खरवडला जातो आणि नेमकं तिथूनच दार कुजतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पॅड खालून फुगून पापडासारखा वाकडा झाला होता. उघडायचं ठरवलं.

काच वरखाली करायचं हँडल काढणं हीच पहिली परीक्षा. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराचं तारेचं छोटं लॉक असतं. जुन्या सुती साडीची पट्टी फाडून हँडल आणि पॅड यांच्या फटीत घालायची आणि दोन्ही टोकं धरून बूट चमकवतात तशी इकडून तिकडे ओढायची. कापड लॉकच्या टोकांना अडकतं आणि लॉक वर सरकतं. सरकतं म्हणजे उडतं. माझं पहिलं लॉक तुळशीवृंदावनामागच्या अबोलीत जाऊन पडलं. प्रयोगशाळेतला लोहचुंबक आणून ते शोधायला अर्धा तास गेला. दुसऱ्या दाराच्या वेळी हँडलवर टॉवेल टाकला.

मग हात धरायच्या जागेचे स्क्रू काढायचे, उघडायच्या खटक्याभोवतीचं प्लास्टिक काढायचं, आणि पॅड कडेने हळूहळू उचकायचा. पॅड दाराला छोट्या प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घातला की क्लिप राहते दारात आणि पॅडचं भोक फाटतं. मी डोशाचा लाकडी कालथा वापरला, जिथे क्लिप आहे तिथे अगदी लागून घालायचा आणि हलकेच दाबायचा. कालथा नंतर धुऊन परत स्वयंपाकघरात गेला, आईला अजून माहीत नाही. (ज्यांच्या गाडीच्या दारात किंवा खांबात एअरबॅग आहे त्यांनी माझं ऐकून काही उचकू नये. आमच्या 800 मध्ये असलं काही नाही, दारात साधी वायरसुद्धा नाही.)

आत काय दिसलं? प्लास्टिकचा कागद नव्हताच. म्हणजे होता, पानाच्या विड्याएवढा एक तुकडा, वरच्या कोपऱ्यात. या दाराचं काचेचं मशीन तीनदा दुरुस्त झालंय. प्रत्येक वेळी कोणीतरी घाईत तो कागद फाडला आणि परत लावायचा कंटाळा केला, कारण पॅड बसवल्यावर कोणाला दिसतंय? क्लिपांची भोकं फाटल्यावर पॅड बसेना, तर सरळ रेक्झिनमधून पत्र्यात स्क्रू मारलेले. चार स्क्रू, चारही गंजलेले, एक तर फिरेचना. माझा खरा राग त्या स्क्रूंवर आहे. पाणी आपलं काम करतं, त्याला काय बोलणार. पण ज्याने स्क्रू मारला त्याने पुढच्या माणसाचं दार बंद करून टाकलं.

त्या दिवशी स्वतःपुरती एक अट घालून घेतली, की जे मला परत काढता येणार नाही ते गाडीला लावायचं नाही. एम-सील नाही, सिलिकॉन नाही, पत्र्यात नवं भोक नाही. स्वस्त काम करायला हरकत नाही, पण ते उलटं करता आलं पाहिजे.

आता पॅड. आत हार्डबोर्ड असतो, वर रेक्झिन. खालची चार बोटं भिजून दुप्पट जाड झाली होती. मी आधी हुशारी केली. एका निवडणुकीचा सनपॅकचा बोर्ड घरामागे पडला होता, तोच पोकळ नळ्यांचा प्लास्टिकचा पत्रा. पाणी लागलं तरी फुगत नाही, कात्रीने कापता येतो, फुकट. मापाने कापला, वर रेक्झिन चिकटवलं, उमेदवाराचं हसू आतल्या बाजूला ठेवलं आणि बसवला. आठवड्याने उन्हाची तिरीप आली आणि रेक्झिन केळीच्या सालीसारखं सोलून खाली आलं. सनपॅक पॉलिप्रॉपिलिनचा असतो, त्याला मेणासारखं अंग असतं, साधा गोंद त्याला धरतच नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. पॉलिप्रॉपिलिनची बीकरं रोज धुते मी.

मग मूळ बोर्डाकडे परत आले. जुलैत ऊन कुठून आणणार? शाळेत मुलांची झाडांची पानं दाबून वाळवायला आम्ही वर्तमानपत्रं आणि फळ्या वापरतो, तेच केलं. ओल्या कडेच्या दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राची जाड घडी, वर फळी, फळीवर चिरे. आमच्याकडे विटा नाहीत, चिरे आहेत, आणि एक चिरा पुरेसा जड असतो. रोज सकाळी कागद बदलायचा. पहिले तीन दिवस कागद हातात धरवत नव्हता इतका ओला. नवव्या दिवशी कोरडा निघाला. बोर्ड पूर्ण सपाट झाला नाही, पण बसण्याइतका झाला.

कोरडा झाल्यावर लगेच मागच्या बाजूला आणि कडांना व्हार्निश. पहिला हात टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ, म्हणजे बोर्ड तो पिऊन घेतो. दुसरा हात नेहमीचा. कडांवर कंजुषी करू नका, पाणी कडेनेच चढतं. फाटलेल्या भोकांना मागून वॉशर हवे होते, पातळ, कडक आणि न भिजणारे. जुन्या एक्स-रेची फिल्म त्याला अगदी योग्य. पॉलिश पेपरने जरा घासायची, गोल कापायची, मध्ये भोक पाडायचं आणि रबरी गोंदाने चिकटवायची. गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचा, ओला असताना नाही. बाबांच्या छातीचा 2009 चा एक्स-रे आता चार दारांत वाटला गेलाय.

प्लास्टिकच्या कागदासाठी दुकानात जायची गरज पडली नाही. पावसाआधी पावळीला, म्हणजे छपराच्या कडेला, बांधतो त्या जाड प्लास्टिकचा तुकडा उरला होता. हँडलचा दांडा आणि खटक्याची तार जिथून बाहेर येते तिथे फक्त छोटी चीर द्यायची, मोठं भोक नाही. चिकटवायला ब्युटाइलची टेप, काळी, डांबरासारखी, कधीही न सुकणारी. 180 रुपयांचं एक बंडल दोन दारांना पुरलं. ती पुढच्या वेळी ओढली की निघते आणि परत दाबली की बसते. एक गोष्ट मात्र मी पहिल्यांदा चुकले. कागदाची खालची कड पत्र्याच्या बाहेरून चिकटवली. ती दाराच्या पोकळीत आत खोचायला हवी, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडतं. बाहेर ठेवली तर कागदच पन्हळ होतो आणि सगळं पाणी पॅडवर नेऊन सोडतो. परत उघडलं. लॉक परत उडालं, टॉवेलमध्ये.

हे सगळं एका दाराचं. बाकीची तीन सोपी गेली.

बंपरची गोष्ट वेगळी आहे. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, फक्त गाडी आजारी दिसते. काळं प्लास्टिक उन्हाने पांढुरकं पडतं. वरचा थर सूर्यप्रकाशाने तुटून त्याची भुकटी होते, बोट फिरवलं तर खडूसारखं लागतं. घराघरात यावर खोबरेल तेल लावतात. मीही लावत होते. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्याची धूळ त्यावर, आणि पाऊस आला की ना तेल ना धूळ.

मागच्या वर्षी गणेश चवथीच्या आधी दादाच्या सल्ल्याने काळं बूटपॉलिश लावलं. (वर म्हटलं ना, ऐकायचं नाही. तेव्हा ऐकलं.) खरंच नवीन बंपर दिसत होता. माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं) सामान आणायला बाजारात गेलो, येताना पाऊस लागला आणि पांढऱ्या गाडीवर काळे ओघळ, काजळ घातलेलं मूल रडावं तसे. दादा डिकीतून नारळाची पेंडी काढायला बंपरला टेकून वाकला. नवा पांढरा सदरा. पुढचं सांगत नाही.

शेवटी उपयोगी पडलं ते बेलतेल. रंगारी आणि मेस्त लाकडाला लावतात ते उकळलेलं जवसाचं तेल, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. खोबरेल कधी सुकत नाही, जवसाचं तेल सुकतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा पातळ पापुद्रा बनतो आणि तो प्लास्टिकला धरून बसतो. आधी बंपर साबणाच्या पाण्याने, कपड्यांच्या ब्रशने, पांढरा फेस काळा यायचा थांबेपर्यंत घासायचा. पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. मग फडक्यावर अगदी थोडं तेल घेऊन चोळायचं आणि वीसेक मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून काढायचं. हे पुसणं विसरलात तर चिकट थर राहतो आणि त्यावर मुंग्यांपासून पिंपळाच्या पानापर्यंत सगळं चिकटतं. रात्रभर पाऊस लागू द्यायचा नाही. मी मे महिन्यात लावलं, अख्खा पावसाळा अजून काळाच आहे, जरा मंद झालाय इतकंच.

पण ते फडकं! ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना हे तेल तापतं. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते, बोळ्यात कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. कोणी काडी ओढायला लागत नाही. मी ते बालदीभर पाण्यात बुडवते आणि मगच फेकते. शाळेत रसायनांचं कपाट सांभाळणारी बाई म्हणून हे जरा जोरात सांगतेय.

हीट गनने बंपर काळा होतो, तेही खरं आहे. शेजारच्या मुलाने त्याच्या बाइकच्या मडगार्डवर करून दाखवलं, वरची भुकटी वितळून काळेपणा परत आला. मग फोन वाजला, त्याचा हात एका जागी थांबला आणि मडगार्डला खळी पडली. ही गोष्ट दरवर्षी करण्यासारखी नाही.

दाराच्या चौकटीचं रबर. ते गेलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. दहाची नोट चौकटीत धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडखळत आली तर ठीक, लोणी कापल्यासारखी आली तर तिथून पाणी येणार. मी चारही दारं अशी बोटाबोटावर तपासली, खडूने खुणा केल्या. वरचा मागचा कोपरा सगळीकडे ढिला. रबर फाटलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं दाबून चपटं झालेलं. आतून ते पोकळ असतं. मत्स्यालयाच्या पंपाला लावतात ती मऊ पारदर्शक नळी घेतली आणि चपट्या भागात आत सरकवली. नळीला भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं की सरकते. पुढच्या वेळी नोट अडखळली. नळी मीटरवर मिळते, खर्च चहा-भजीएवढा. रबराला व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळायची सवय असेल तर सोडा. हे रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचा स्प्रे चालतो, आणि तोही नसेल तर नुसती टाल्कम पावडर.

काचेच्या खाचेतली फेल्टची मऊ पट्टी मी फक्त धुतली. कालथ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून आत फिरवलं, परत तीच लाल माती. काच आता एका हाताने वर जाते. डॅशबोर्डची चीर मात्र तशीच ठेवली. त्यावर काही भरलं तर ते चिरेपेक्षा वाईट दिसेल, आणि माझ्या अटीत बसणारही नाही. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय, त्यावर छोटा गणपती. काढायची हिंमत नाही.

मेकॅनिक परवा तेल बदलताना दार उघडून बघत होते. स्क्रूंची चार भोकं मी रबरी टोपणांनी बुजवलीत, इंजेक्शनच्या बाटलीची असतात तसली. त्यांनी एक टोपण काढून बघितलं, परत बसवलं, आणि म्हणाले, "हें बरें." त्यांच्याकडून याहून जास्त कधी ऐकलेलं नाही.

उरलंय ते छताचं कापड. मागच्या सीटवरच्या माणसाच्या केसांना लागतं इतकं लोंबतंय. आतला फोम पिठासारखा झालाय, बोट लावलं की पिवळी भुकटी पडते. कापड तसंच परत चिकटवून काही उपयोग नाही, गोंद कापडाला लागतो आणि कापड भुकटीला. सगळा जुना फोम ब्रशने घासून काढायचा, नवं फोमवालं कापड आणायचं आणि बंद गाडीच्या छताची उष्णता सोसणारा गोंद घ्यायचा. बेळगावला आतेभावाने कापड बघून ठेवलंय. पण रबरी गोंदाला दमट हवा चालत नाही, लावल्या लावल्या वर ओलावा धरतो आणि पकड जाते. कोजागिरी झाली की बघू. तोपर्यंत मागे बसणाऱ्यांना सांगते, डोकं जरा खाली.